हेटीच्या दारची ब्लूबेल

"कुदळ खाली ठेव, क्लेमेंट. ही आईनं लावलीयत."

"आईनं लावली म्हणून ती इंग्लिश होत नाहीत," क्लेमेंट धाकट्या बहिणीला म्हणाला. हेटीच्या दारात निळ्या ब्लूबेलचा ताटवा ताठ उभा होता. "स्पॅनिश आहेत मेली. ना वास, ना मान खाली. मधमाश्या यांचे पराग रानात नेतील, संकर होईल, मग आपली रानातली वासाची, मान झुकवणारी ब्लूबेल कायमची गेली म्हणून समज."

हा माणूस हट्टाला पेटला की संपलंच. शेजारीच त्याची बाग. तिथले स्पॅनिश कंद तो लग्न झाल्यापासून दर वसंतात उपटत आला होता, आणि पुढच्या वसंतात ते पुन्हा हजर. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा या फुलांशीच तू जास्त भांडलास.

हेटीकडे मात्र आईची एवढीच खूण उरली होती.

"आधी मला रान दाखव," ती म्हणाली. "गुडघे गेल्यापासून तिकडे फिरकलेच नाही. खरंच एवढं मोलाचं असेल, तर मीच खणते."

फुलं तुडवली जातील म्हणून क्लेमेंटसुद्धा दर वर्षी रस्त्यावरूनच रान बघायचा. आज बहिणीसाठी त्याने नेम मोडला. त्याच्या बागेच्या कुंपणाला वळसा घालून दोघं ओकच्या झाडांखाली आली, आणि हेटी जागीच थबकली.

जमीन दिसतच नव्हती. बुंध्यांमधून नजर जाईल तिथवर निळंच निळं. क्लेमेंटने चर्चमध्ये काढावी तशी टोपी काढली. हेटीच्या डोळ्यांना धार लागली.

"उपट बाबा माझी," ती अखेर म्हणाली. "आईसुद्धा हेच म्हणाली असती."

मग कशीबशी वाकून तिने एक फूल नाकाशी धरलं. दुसरं धरलं.

"क्लेम, वास येत नाही रे."

"म्हातारी झालीस." तो हसत खाली बसला. एक फूल हुंगलं. मग पुढचं, त्याच्या पुढचं. एकाचीही मान खाली नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझ्याच दारची ही," तो पुटपुटला. "मधमाश्यांनी घात केला."

"माझ्या मूठभर फुलांनी अख्खं रान भरलं?" हेटी म्हणाली. "क्लेम, इतकी वर्षं तू उपटलेले कंद टाकतोस कुठे?"

"कुठे म्हणजे? गावात सगळे टाकतात तिथेच," क्लेमेंट म्हणाला. "कुंपणापलीकडे. इथे."