रंगवलेलं गवत

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात नरहरतात्या चित्रकारांनी सुप्याच्या माळावरची एक हरिणी शिकाऱ्याकडून मारवून घेतली. जनावर समोर निपचित पडलेलं असल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. रंगवता रंगवता तिची दुधानं तटतटलेली कास दिसली. चित्रात तेवढी जागा त्यांनी उंच गवतानं झाकून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी साखरबाई धनगरीण पदरात पाडस घेऊन आली.

"तिचंच हाय ह्ये, तात्या. शेळीला तोंड लावत न्हाय. आजचा दिस काय काढत न्हाय."

तिनं पाडस खाली ठेवलं. ते लटपटत भिंतीला टेकवलेल्या चित्राकडं गेलं आणि त्या गवताला ढुसण्या देऊ लागलं. तात्यांना बघवेना. त्यांनी पाठ फिरवली.

"उचल गं त्याला, साखरबाई. तिथं काही नाही."

साखरबाई जागची हलली नाही.

"तात्या, घोट उतरतोय की त्याच्या गळ्यातनं."

तात्या वळले. पाडसानं मान वर केली होती. त्याच्या ओठांना पांढरा फेस होता. रंग लागला असेल, असं म्हणत त्यांनी तो बोटानं टिपला.

फेस कोमट होता.