पावणेबाराची वेळ

पडद्यावरची ती ओळ सरितानं दोनदा वाचली. राऊटर पावणेबाराला बंद होऊन पुन्हा सुरू होणार. लावणारा: विक्की.

राऊटर होता नदीपल्याडच्या दवाखान्यात, कुलूपबंद पेटीत. पूल चार दिवसांपासून पाण्याखाली. तिथं मोबाइल लागत नाही. जे काही बोलणं ते या एका लाइनवरून. तिथं आलेल्या आठ महिन्यांच्या गरोदर बुधरीचं अंग सुजलं होतं. तिला डोंग्यातून अलीकडे आणायचं का, ते बारा वाजता डॉक्टर तिला लाइनवर पाहून ठरवणार होते. आणि यानं नेमकी पावणेबाराची वेळ धरली!

आज विक्कीचा गडचिरोलीच्या कार्यालयातला शेवटचा दिवस. त्याच्या जागी सरिता आली होती. इथून त्या राऊटरमध्ये शिरायचं दार आपल्या संगणकापुरतं ठेवायचं, विक्कीचं नाव काढायचं, एवढंच तिचं काम. जाता जाता माझ्या तोंडाला काळं फासतो काय, तिला वाटलं.

सकाळी तो म्हणाला होता, "बाई, सुरू कराच्या आधी एक सांगाचं होतं." तिनं ओठांवर बोट ठेवलं. श्रावणी सोमवारी बारापर्यंत तिचं मौन असे.

"बरं बाप्पा, महादेवाले नाराज नोको करा," हसत तो जागेवर गेला होता. मौनात कान उघडे असतात, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

आता तो शेजारच्या टेबलावरून सारखा घड्याळ बघत होता. तिनं त्याची ती ओळ खोडली. मग नियम लिहिला: माझ्या संगणकाशिवाय कुणी आत येऊ नये. बटण दाबलं.

पडदा थिजला. दवाखान्याचा हिरवा ठिपका लाल झाला. दारावर लावायचा नियम तिनं अख्ख्या रस्त्यावर लावला होता. आता त्या लाइनवरून कुणीच जाणार नव्हतं. डॉक्टरही नाही, आणि राऊटरचं उत्तरही अडल्यानं तीही नाही.

विक्की उठून आला. लाल ठिपका पाहून त्यानं आपला चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"होते बाई, माह्याही हातून झालं होतं. चार मिनिटं थांबा, तवर चहा घ्या. दूरच्या राऊटरले हात लावाच्या आधी मी वेळ लावूनच ठेवतो. पावणेबाराले तो सोताच बंद-चालू होते, नवं सारं पुसते, अन् लाइन जशीच्या तशी. तेच तं सकाळी सांगून राह्यलो होतो."

बाराला एकोणीस मिनिटं होती. सरितानं मौन मोडलं.

"विक्की, ती पावणेबाराची ओळ मी खोडून टाकली."