तुसाच्या भिंती

“माझ्या पोथीत तुझ्या थेटराचा आवाज घुसला तर समदं भंगारात! न्हाई घुसला तर मी सोता बघाय येईन,” तिखट कानाच्या सासऱ्यांनी सुलक्षणाला बजावलं होतं. मग तिनं परसातल्या रिकाम्या भातकोठीत हौसेनं पडदा शिवून लावला, स्पीकर टांगले आणि भिंतींलगत भाताच्या तुसाची पोती छतापर्यंत रचली. नवरा हसायचा, “साऱ्या गुंजवणे गावात भाताचं थेटर आपलंच!” आज एकादशीची पोथी सुरू झाली. सुलक्षणानं देवापुढं हात जोडले, कोठीत सिनेमातली लढाई मोठ्यात मोठ्या आवाजात लावली, दार ओढलं आणि ती ओसरीवर सासऱ्यांपाशी येऊन बसली. तिकडं तोफा धडाडत होत्या. इथं फक्त पान उलटल्याचा आवाज. अध्याय संपला. “कधी लावणार गं थेटर?” “मघाच लावलंय, मामा.” सासऱ्यांनी पोथी बांधली. ठेवणीतली टोपी घालून ते तिच्याआधी भातकोठीकडं निघाले.