कप्तानबाईंचा पाय

चर्चच्या फाटकाशी येताच ओतिलियाबाईंनी चपला काढल्या आणि भिंतीकडे भिरकावून दिल्या.

"आई, काल काय कबूल केलं होतंस?" नोएमीनं विचारलं.

"चपला घालीन म्हटलं होतं. घातल्या की, इथपर्यंत!"

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? इतकी साखर वाढलेली. आता साधी जखम झाली तरी पाऊल कापावं लागेल."

"आत आपल्या शेवटच्या अॅझ्टेक राजाची, कुआउतेमोकची हाडं आहेत. सोन्याचा पत्ता सांगेना म्हणून स्पेनवाल्यांनी त्याचे पाय जाळले. आणि मी त्याच्या जयंतीला चपला घालून नाचू? सत्तावीस वर्षं या नाचाच्या फेराची कप्तान आहे मी. लोक तोंडात शेण घालतील."

डोक्यावरचा पिसांचा मुकुट सारखा करून त्या फेरात शिरल्या. चपला काढून नोएमीही मागोमाग फेरात शिरली. एकदा फेर धरला की कप्तानाच्या परवानगीशिवाय कुणी जागा सोडायची नाही, आणि कप्तान तर आईच.

ढोल वाजू लागला. घोट्यांना बांधलेल्या सुक्या बियांचा खळखळाट अंगणभर झाला. दुपारचं ऊन, तापलेली फरशी. नोएमीचे स्वतःचे तळवे पोळत होते, पण तिची नजर आईच्या पावलांवरून हलेना. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईचा एकही ठेका चुकत नव्हता. नोएमीला अभिमान वाटला आणि स्वतःचाच रागही आला.

ढोल थांबला. गावातल्या एका म्हाताऱ्यानं राजाच्या छळाची हकिगत सांगायला सुरुवात केली. आता सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. धूप फिरवणाऱ्या फिदेलकाकांच्या हातातलं धुपाटणं कलंडलं आणि दोन निखारे घरंगळत आले. काकांना वाट द्यायला म्हणून ओतिलियाबाई एक पाऊल मागे सरकल्या. त्यांची टाच नेमकी निखाऱ्यावर पडली.

टाचेखालून धूर निघाला. बाई ताठ उभ्या.

नोएमीला धूर दिसला. तिनं डोळ्यांनी खुणावलं. आईनं 'गप्प राहा' म्हणून डोळे वटारले. 'पायांना थोड्या मुंग्या येतात' एवढंच ती वर्षभर सांगत होती. धुपाच्या वासात आता कातडी जळाल्याचा वास मिसळला.

"अरे, कप्तानबाई निखाऱ्यावर उभ्या आहेत!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हूं नाही की चूं नाही! रक्त राजाचंच, दुसरं कुणाचं!"

पुरुषांनी टोप्या काढल्या. हकिगत सांगणारा म्हाताराही थांबला.

नोएमीनं जागा सोडली, धावत जाऊन आईला ढकललं.

"फेर मोडलास? सगळ्यांदेखत?" ओतिलियाबाईंनी हात उगारला. तेवढ्यात फरशीवरच्या चुरडलेल्या निखाऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या खाली बसल्या. पाऊल उलटं करून पाहिलं. काळ्या पडलेल्या टाचेवर अंगठा दाबला. मग आणखी जोरानं दाबला. मग नख लावलं, तरी काही जाणवेना.

"कुआउतेमोक अमर रहे! कप्तानबाई अमर रहे!" अंगण दुमदुमलं. एक म्हातारी पावलाचं चुंबन घ्यायला गुडघ्यांवर बसली. ओतिलियाबाईंनी पाय आखडून घेतला आणि लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"यांना गप्प कर," त्या म्हणाल्या. "राजाला तर दुखत होतं गं."