छपरातली काच

"ही काच काढावी लागेल, दमूताई," जगन छपरावरून म्हणाला.

"काच राहील," दमयंती खालून म्हणाली.

काळाचौकीतल्या चाळीमागच्या पटांगणात जुनी मिनीबस उभी होती. दमयंतीच्या बाबांनी ती भंगारात जाताजाता वाचवली होती. आत त्यांनी पलंग केला, ओटा केला, खिडकीशी फळी ठोकली. बायकोला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, मन रमेल तिथं मुक्काम करायचा, हा त्यांचा बेत गिरणी सुटली तेव्हापासूनचा. छपरावरची सोलर पॅनल तेवढी बसवायची राहिली होती. तेवढ्यात बाबाच गेले. चार महिने दमयंती बसकडे फिरकली नाही. मग तिनं ठरवलं, आईला आपण न्यायचं. बाबांनी ठेवलंय तसंच, एक खिळा न हलवता.

जगन शिडीवरून उतरला. दमयंतीच्याच मजल्यावर वाढलेला, आता सोलरची कामं घेणारा. "हे बघ, एका पॅनलवर दिवे, पंखा, मोबाईल. फ्रिज नाही ओढणार. आणि मावशीचं इन्सुलिन कशात ठेवणार, माठात?"

दुसऱ्या पॅनलला छपरावर एकच जागा उरत होती. नेमकं तिथंच बाबांनी हातभर भोक पाडून काच बसवली होती.

"दुसरा काही उपाय?"

"सुटं पॅनल मिळतं. खाली जमिनीवर मांडायचं, वायर गाडीत घ्यायची. पण खाली झाडाची सावली येते, गाडीची येते. ऊन सरकेल तसं ते उचलून फिरवावं लागतं. दिवसभर कोण बसणार त्याच्यापाशी? तुम्ही फिरायला चाललात का पॅनल राखायला?"

"काढ रे ती काच," दमयंतीची आई, चंपाबाई, खुर्चीवरून म्हणाल्या. "ह्यांना गिरणीतल्या साचेखात्याची सवय. तिकडे छपराला काचा होत्या ना. म्हणून इकडेपण पाडलं भोक."

दमयंतीला हसू आलं नाही. ती बसमध्ये चढली. काचेतून उतरलेला उन्हाचा चौकोन फळीवर पडला होता. तिनं त्यात हात धरला, आणि तिला गिरणीचा संप आठवला.

ती तेव्हा दुसरीत होती. बाबा दिवसभर गॅलरीत बसत, हातात दाढीचा आरसा. आरशावरून उडवलेला कवडसा खोलीत पडे. ती तो पकडायला धावे. पण बाबांना खेळताच येत नसे. कवडसा ते एकाच जागी धरून ठेवत. तिनं मध्ये हात घातला की ओरडत, "बाजूला हो गो!" समोरचे शामराव येताजाता टोमणा मारत, "काय सीताराम, संपात थोबाड उजळलं वाटतं?" बाबा उत्तर देत नसत. दमयंतीला मात्र लाज वाटे. सगळ्यांचे बाबा मोर्चाला जातात, भाजी विकतात. आपले बाबा आरसा घेऊन बसतात.

"शिलाईची मशीन कुठं ठेवायची बघून घे गो," बाहेरून आई म्हणाली. "मशीनशिवाय मी येणार नाही. ह्यांनापण सांगितलं होतं."

फळीवर मशीनच्या बुडाएवढी खाच कोरलेली होती. जगननं हातमशीन आणून त्यात बसवली. ती अशी बसली की हलेना.

चंपाबाई दाराच्या दांडीला धरून वर चढल्या. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मशीनकडे बघत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि सुईखाली धरला. काचेतला उजेड तिथं पडला होता.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या. "इथंपण."

"काय आई?"

"संपात लाइट तोडलेली ना आपली. मी आत परकर शिवायची. सुई दिसायची नाही. मग हे बाहेरून आरसा धरायचे, उजेड बरोबर सुईवर. ऊन सरकलं की हे सरकायचे. हात भरून यायचा, तर ह्या हातातून त्या हातात. लोक हसायचे. मी म्हणायची, सांगा ना त्यांना. तर म्हणायचे, बायकोच्या शिलाईवर घर चाललंय ते काय ओरडून सांगू? हसूदेत."

दमयंतीनं वर काचेकडे पाहिलं.

चंपाबाईंनी पदरानं मशीनचं चाक पुसलं. "काढ ती काच. आता चष्मा आहे मला. औषध गार राहायला पाहिजे."

दमयंती दारात आली. खाली जगन करवत घेऊन उभा होता.

"काच राहील," ती म्हणाली. "सुटं पॅनल आण. वायर लांब दे."

"अगं, पण सांगितलं ना. उन्हाबरोबर ते फिरवत दिवसभर कोण बसणार?"

"मी बसेन," दमयंती म्हणाली.