वाण आणि दाणा

"चढ काट्यावर," दौलतराव म्हणाले.

कैलास चढला. काटा कोंबड्यांच्या पेट्या तोलायचा होता. त्यावर आजवर कुणी जावई तोलला नव्हता. पण दौलतरावांच्या शलाकाला मागणी घालायची हिंमतही आजवर कुणा अंबरनाथच्या लेथवाल्यानं केली नव्हती. विठ्ठलवाडीच्या कॉम्प्युटर क्लासात दोघांचं जमलं होतं. आता फक्त बापाचं 'हो' बाकी होतं.

"बावन्न. बुटांसकट." खिशातला जाडजूड मोबाईलही धरून, हे दौलतरावांना माहीत नव्हतं. ते कैलासच्या आईकडे वळले. "इंदुबाई, हा असाच, की मध्ये काही आजार होता?"

"असाच. ह्याचे वडीलही असेच होते."

"तेच म्हणतो मी. वाण!"

बदलापुरात पाहुण्याला लोक आधी पाणी देतात. दौलतराव आधी पोल्ट्रीची शेड दाखवत. तिथं दोन खुराडी त्यांनी खास अपमान करायला ठेवली होती. एकात गावठी पिल्लं, ब्रॉयलरचा महागडा दाणा खाणारी. दुसऱ्यात ब्रॉयलरची पिल्लं, घरच्या शिळ्या भातावर. सगळी एकाच दिवशी अंड्यातून निघालेली आणि सगळी सारखीच खुरटी.

"ही बघा फुकटी. काजू घाला, गावठी ते गावठीच. आणि ही खानदानी, पण भिकेला लागलेली." मग त्यांनी मोठ्या जाळीकडे हात केला. तिथं त्याच वयाचे पांढरे गोळे बसले होते. छाती एवढी, की पाय असल्याचं त्यांच्या लक्षात नसावं. "आणि हे! पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेलं वाण, वर मोजूनमापून दाणा. दोन्ही जुळलं तरच अंग धरतं. तुमच्याकडे दोन्हीची बोंब. माझ्या शलाकाकडे दोन्ही आहे. घराणं बघा आमचं. वर तूप, बदाम. उगाच नाही वाढवली."

कैलास अजून काट्यावरच होता. उतर म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

शलाका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

"बाबा, ह्यातलं एखादं म्हातारं झालेलं दाखवा ना ह्यांना."

"म्हातारं?" दौलतराव खो खो हसले. अडाणी प्रश्नांची त्यांना सवय होती, पण हा घरातूनच आला होता. "म्हातारं कशाला होऊ देतो मी? वजन भरलं की गाडी येते."

शलाकानं ट्रे दाण्याच्या पोत्यावर ठेवला. कैलासला हात धरून काट्यावरून उतरवलं. इंदुबाईंची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"चला, आई," ती त्यांना म्हणाली. "गाडी यायच्या आत निघू."