दुसरी चावी

मामाचा फोन टेबलावर पडला होता, बंद. आणि पोकुआच्या हातातला फोन सांगत होता की मामाचा फोन याच घटकेला तिच्या कुमासी शहरातल्या घरच्या सर्व्हरमध्ये शिरलाय.

तिने मामाचा फोन उचलून दाबून पाहिला. काळाठिक्कर. गावात सकाळपासून वीज नव्हती, बॅटरी कधीच मेलेली.

आणि हा फोन नवा होता; चावी तिने बसवली होती ती मामाच्या जुन्या फोनात. म्हणजे मामाची चावी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती.

सर्व्हर कसला, जिन्याखाली ठेवलेला एक डबा. पण पोकुआने तो तिजोरीसारखा जपला होता. ती वार्ताहर. तिच्या संपादकाने तिची बातमी छापायच्या आधी खाणवाल्यांना विकली. कुंपणानेच शेत खाल्लं. तेव्हापासून तिने आपलं काहीही दुसऱ्याच्या जागेत ठेवणं सोडलं. डब्याचं इंटरनेटकडचं दार तिने बुजवून टाकलं. बाहेरून आत यायला एकच चोरवाट ठेवली, आणि ती उघडायला फोनमध्ये बसवलेली चावी. नुसता पासवर्ड चोरून कुणाचं काही चालणार नव्हतं. चाव्या दोनच. एक तिची. दुसरी अजेकुम मामाची, तिचं काही बरंवाईट झालं तर आतलं सगळं कोर्टात पोचवायला.

ती चावी बापाने मागितली होती. पोकुआ हसली होती. असांते जमातीत माणसाचं रक्त आईकडून येतं. बाप जीव ओवाळून टाको, तो दुसऱ्या कुळाचा. अडीअडचणीला हाक मारायची ती मामाला, आणि हा मामा तर कुळाचा प्रमुख. बाप उठला. चपला पायात सरकवून निघून गेला.

डब्यात होती इसाकाची चित्रफीत. इसाका उत्तरेकडून सोन्याच्या खड्ड्यावर मजुरीला आलेला. ओफिन नदीच्या काठी दरड कोसळली. खाली माणसं जिवंत होती, ओरडत होती. मालकाने यंत्र आणवलं आणि वरून माती लोटली. का, तर उकरत बसलं तर काम बंद पडेल. हे इसाकाने तोंड न झाकता सांगितलं होतं. खड्ड्यावर मजूर ढीगभर, त्यातला कोण फुटला हे मालकाला कळलेलं नव्हतं. उद्या कोर्टात कळणार होतं. तोवर पोकुआने इसाकाला लपवलं होतं ते इथेच, मामाच्या घरामागच्या खोलीत. आज ती त्याला न्यायला आली होती.

आल्या आल्या मामाने पाणी दिलं. पाणी पिऊन झालं की घरधन्याने विचारायचं, काय निमित्ताने येणं केलंत. त्याने विचारल्याशिवाय पाहुण्याने कामाचं तोंड उघडायचं नाही, ही रीत. मामा विचारतच नव्हता. शेंगदाण्याचा रस्सा वाढला, कुटलेल्या कंदाचा, फुफूचा गोळा पुढे सरकवला, कोकोच्या झाडांना यंदा कीड लागली म्हणाला. बाप अजून ताडीच्या गुत्त्यावरच झोपतो का, असाही एक टोमणा मारून झाला. ऐकता ऐकता चाळा म्हणून तिने फोन काढला होता.

आत जे कोण शिरलं होतं ते काही उतरवून घेत नव्हतं, हे पडद्यावर दिसत होतं. एकच फीत, इसाकाची. सुरुवात लावायची, थांबवायची. पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबवायची.

तिने घास खाली ठेवला. रीत गेली चुलीत.

“मामा, जुना फोन कुणाला दिलात?”

मामाने बोटं रश्श्यात बुडवली. “दिला असेल कुणाला तरी. पोरं मागतात, मी देतो. पोलिसासारखी लागलीस की काय मामाच्या मागे?”

तिचा जीव भांड्यात पडला. म्हातारा माणूस, फोन देताना चावी काढायची विसरला. गलथानपणा झाला, पण विकलं तर नाही ना. सगळ्यांनी विकलं होतं, एवढा एक माणूस उरला होता. तिने अंगठा दाबून मामाची चावी रद्द केली. पडद्यावरून मामाचं नाव गेलं. वाट बंद झाली.

पण इसाकाचा चेहरा कुणीतरी पाहिला होता. आता बसून चालणार नव्हतं. ती उष्ट्या हातानेच उठली आणि म्हणाली, इसाकाला उठवा, आत्ताच्या आत्ता निघायचंय, मागच्या वाटेने.

मामा उठला नाही. त्याने वाडग्यातल्या पाण्यात सावकाश हात धुतले, एकेक बोट.

“बस पोरी. ती नदीकाठची जमीन आपल्या कुळाची आहे, खड्ड्याला मीच दिलीय. तुझ्या केसालाही कुणी हात लावणार नाही, तसं मी बोलून घेतलंय.”

पोकुआ मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. दाराला बाहेरून कडी होती.

“इसाका कुठाय, मामा?”

“सकाळीच नेला,” मामा हात पुसत म्हणाला. “फितीतला माणूस तोच आहे ना, तेवढं ताडून बघत होते ते.”